छोट्या कचेरीचा सर्व्हर : बेळगाव-निपाणी भागातील नियोजनाची प्रस्तावना

छोट्या व्यवसायाच्या कचेरीत सर्व्हर बदलण्याचा प्रश्न बहुधा खरेदीचा प्रश्न म्हणूनच पुढे येतो आणि त्याचे पहिले रूप म्हणजे कोल्हापूर, बेळगाव किंवा हुबळीच्या विक्रेत्याकडून आलेले दरपत्रक. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि वॉरंटी यांचे आकडे असतात. पण त्या यंत्रावर उद्या कोणते काम चालणार आहे, ते किती वेळ थांबले तर चालेल आणि थांबलेच तर कोण ते पुन्हा उभे करणार, याविषयी त्यात एक अक्षरही नसते. प्रस्तुत विवेचनाची भूमिका याच्या उलट आहे. सर्व्हरच्या नियोजनात यंत्राची निवड सर्वांत शेवटी येते. तिच्याआधी मोजणी येते, नोंद येते आणि जुन्या स्थितीवर परत येता येते की नाही याची चाचणी येते, आणि ही कामे नीट झाली असतील तर दरपत्रकांतून एक निवडणे हे अर्ध्या दिवसाचे काम उरते.

सर्व्हर या संज्ञेचा अर्थ आरंभीच ठरवून घेणे बरे. जाळ्यातील इतर संगणकांना काही सेवा सतत पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर, आणि छोट्या कचेरीत या सेवा साधारणपणे तीन असतात : सर्वांच्या फायली एका ठिकाणी ठेवणे; हिशेब, कर्जखाती, साठा किंवा हजेरी यांचा डेटाबेस, म्हणजे अनेकांना एकाच वेळी वाचता-लिहिता येईल असा सुसूत्र माहितीसंग्रह, चालवणे; आणि कोणत्या कर्मचाऱ्याने कोणत्या पासवर्डने कुठवर जावे याचा बंदोबस्त ठेवणे. या तिसऱ्या सेवेला मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत डोमेन म्हणतात. मोठ्या संस्थेत ही कामे निरनिराळ्या यंत्रांवर वाटलेली असतात. दहा ते तीस संगणकांच्या कचेरीत ती एकाच पेटीत कोंबलेली असतात, आणि ती पेटीही पुष्कळदा सर्व्हर म्हणून बनवलेली नसून जरा जास्त मेमरी घातलेला, दिवसरात्र चालू ठेवलेला साधा डेस्कटॉप असतो. हा फरक नुसत्या नावाचा नाही. सर्व्हर म्हणून बनवलेल्या यंत्रात मेमरीतील एखादा बिट चुकून उलटला तर तो ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते, वीजपुरवठ्याचे दोन संच बसवण्याची सोय असते आणि यंत्र चालू असतानाच बिघडलेली डिस्क काढून नवी घालता येते. डेस्कटॉपमध्ये यांपैकी बहुधा काहीच नसते, म्हणून तो बिघडतो तेव्हा सारी कचेरी एकदम थांबते.

ज्या भागासाठी हे विवेचन आहे तेथील कचेऱ्यांचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागते. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्री, मशीन शॉप व हायड्रॉलिक सामानाचे कारखाने, निपाणीतील तंबाखूच्या वखारी आणि बिडी कारखाने, दोन्ही गावांतील पतसंस्था व कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखाली नोंदलेल्या सौहार्द सहकारी संस्था, दवाखाने आणि करसल्लागारांच्या कचेऱ्या यांना स्वतःचा संगणक विभाग परवडत नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे आणि भोवताली अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत, तरी तेथून बाहेर पडणारा तरुण पुण्या-बंगळूरची वाट धरतो आणि छोट्या कचेरीची मदार बोलावल्यावर येणाऱ्या एखाद्या तंत्रज्ञावर राहते. त्याच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; पण सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, सॉफ्टवेअरच्या परवान्यांची कागदपत्रे आणि जाळ्याचा नकाशा त्याच्या एकट्याच्या डोक्यात असणे ही व्यवस्थापनाची चूक आहे, तंत्रज्ञाची नव्हे.

सर्व्हर बदलण्याची निकड तीन कारणांनी निर्माण होते : यंत्र थकते, काम वाढते, किंवा यंत्रावरील प्रणालीला निर्मात्याकडून सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे बंद होते. पहिली दोन कारणे डोळ्यांना दिसतात, तिसरे दिसत नाही, आणि म्हणूनच ते अधिक घातक ठरते. विंडोज सर्व्हर २०१२ आणि त्याची आर २ आवृत्ती यांच्या दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबल्या. एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेसच्या ९ जुलै २०२४ रोजी, तर टेबलावरच्या संगणकांतील विंडोज १० च्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. अशी प्रणाली दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखीच चालते, त्यामुळे काहीच बिघडले नाही असा समज होतो. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमने, ज्या फटीतून प्रवेश केला ती बुजवणारी दुरुस्ती त्याच वर्षी १४ मार्चला उपलब्ध झालेली होती. जगभर अडकलेल्या संगणकांपैकी बहुतेकांवर ती बसवलेली नव्हती, इतकेच.

येथून नियोजनाचे पहिले काम सुरू होते ते म्हणजे यादी. वखार हलवायची असेल तर आधी आतला माल मोजतात, तसेच सर्व्हरचे आहे, आणि या मोजणीत अनपेक्षित वस्तू सापडतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील जुन्या कचेऱ्यांत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रणालीवर लिहिलेले प्रोग्रॅम अजूनही आढळतात. व्हिज्युअल फॉक्सप्रोला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ नंतर वाऱ्यावर सोडले, तरी ते चालतात, कारण ते लिहिणाऱ्याने काम समजून घेऊन लिहिले होते. या पद्धतीत सर्व्हर केवळ फोल्डर वाटून देतो आणि प्रत्येक संगणक जाळ्यावरून थेट मूळ फाइल उघडून तीत लिहितो. त्यामुळे लिहिता लिहिता एखाद्या टेबलावरची वीज गेली की अनुक्रमणिकेची फाइल मोडते, आणि एका फाइलला २ जीबीची मर्यादा असल्याने वर्षानुवर्षे वाढलेला तक्ता एके दिवशी पुढची नोंद घेण्यास नकार देतो. असे प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर नुसते उचलून ठेवता येत नाहीत. यादीत आणखी काय काय असते ते पाहिले की दरपत्रकाचा अपुरेपणा कळतो : जुन्या समांतर पोर्टमध्ये घालायचे, सॉफ्टवेअरची चोरी रोखणारे डाँगल, नऊ पिनांच्या सिरियल तारेने वजन पाठवणारा वजनकाटा, एकाच ठरावीक पत्त्यावर सर्व्हर शोधणारे अंगठ्याच्या ठशाचे हजेरीयंत्र, आणि विंडोज एक्सपीवर अडकलेला एखादा संगणक, ज्याला फाइल-वाटपाची एसएमबीची पहिली आवृत्तीच तेवढी समजते. वॉनाक्राय शिरला तो याच आवृत्तीतून, आणि अलीकडच्या विंडोज सर्व्हरमध्ये ती मुळात बसवलेलीच येत नाही. परिणामी सर्व्हर बदलल्याच्या सकाळी वजनकाट्याचा संगणक नव्या सर्व्हरला ओळखत नाही, फाटकावर ट्रक उभे राहतात आणि घाईघाईत सबंध जाळ्यासाठी ती जुनी आवृत्ती पुन्हा चालू केली जाते. खर्च नवा आणि भोक जुनेच, अशी स्थिती त्यातून होते. वजनकाट्याचा संगणक वेगळा ठेवून त्याच्याकडून दिवसाचे आकडे ठरावीक मार्गाने घेणे, हा उपाय आधी सुचला तर स्वस्त असतो.

यादीतील सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे जुनी माहिती, आणि या बाबतीत निपाणीच्या बिडी कारखान्यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. बिडी व्यवसायात तंबाखू आणि तेंदूची पाने घरी नेऊन बिड्या वळून आणणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने त्यांच्या कामाच्या शर्ती ठरवल्या आणि १९७७ पासून भविष्य निर्वाह निधीचा कायदाही या उद्योगाला लागू झाला. म्हणजे कचेरीच्या दप्तरात, पुढे संगणकात, हजारो स्त्रियांची नावे, कामावर लागल्याच्या तारखा आणि दर आठवड्याच्या मजुरीतून झालेली कपात साठत गेली. १९९५ ची निवृत्तिवेतन योजना आली, २०१४ मध्ये प्रत्येक सदस्याला कायमचा एक क्रमांक देण्याची पद्धत आली, आणि आधार कार्डावरील नाव व दप्तरातील नाव जुळणे अगत्याचे झाले. एखाद्या कामगार स्त्रीचे निवृत्तिवेतन तीस वर्षांपूर्वी कारकुनाने टाइप केलेल्या नावावर आणि तारखेवर अवलंबून राहते. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे आणि जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, एवढेच वाचून ज्यांनी जुन्या माहितीची वयोमर्यादा ठरवली त्यांनी बिडी कामगारांचे तक्ते अडगळीत टाकले तर ते कायद्याच्या एका कलमाला धरून आणि कामगारांच्या हिताविरुद्ध झाले, असे म्हणावे लागेल. कोणती माहिती किती काळ वाचता आली पाहिजे, हे त्या त्या व्यवसायाच्या जबाबदाऱ्यांवरून ठरते. सर्व्हरच्या डिस्कच्या आकारावरून नव्हे.

ही माहिती कोणत्या लिपीत आणि कोणत्या संकेतात साठवली आहे, हा प्रश्न सीमाभागात दुहेरी होतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव-निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून येथील मराठी व्यवसायाचा सरकारी पत्रव्यवहार कानडीत, करविषयक कागद इंग्रजीत आणि घरचा हिशेब पुष्कळदा मराठीत, अशी तिहेरी वाटणी रूढ झाली. संगणकावर मराठी आले ते पुण्याच्या श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांनी, कानडी आले ते नुडी आणि बरह यांनी, आणि या साधनांचे जुने फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे होते. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक देणारी व्यवस्था. १९९१ च्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आणि कन्नड दोन्ही तीत आहेत. त्याआधीच्या फाँटांत मात्र मराठी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या क्रमांकावर बसवलेले असे, त्यामुळे फाँट नसलेल्या नव्या यंत्रावर खातेदाराचे नाव रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन दिसते. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण ती जोडाक्षरांत आणि रफारात ठेचकाळतात. रूपांतरानंतरही एक सूक्ष्म अडचण उरते : ‘कऱ्हाडकर’ या आडनावातील ऱ्ह युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात आणि एक शोधले तर दुसरे सापडत नाही. बेळगाव आणि बेळगांव दिसायला वेगळे असले तरी शोधताना त्यांचेही तसेच होते. पतसंस्थेत एकाच सभासदाची दोन खाती दोन माणसांची ठरण्यास एवढे पुरेसे आहे. म्हणून सर्व्हर बदलाच्या खर्चात नावांच्या शुद्धीकरणासाठी माणसांचे दिवस धरलेच पाहिजेत. मराठी आणि कानडी दोन्ही वाचणारा जुना कारकून या कामात नव्या अभियंत्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

मोजणीनंतर दोन आकडे ठरवायचे असतात, आणि ते ठरवण्याचा अधिकार मालकाचा किंवा संचालक मंडळाचा आहे, तंत्रज्ञाचा नाही. पहिला, काम किती वेळ थांबले तर सोसवेल. दुसरा, शेवटच्या किती वेळातील नोंदी गेल्या तर पुन्हा भरून काढता येतील. तंबाखूच्या वखारीत आवक मंदावलेली असताना सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तर कागदावर काम भागते. पतसंस्थेत तसे नाही. पिग्मी, म्हणजे दारोदार फिरून रोजच्या रोज गोळा केली जाणारी अल्पबचत, प्रतिनिधीच्या हातातील छोट्या यंत्रात नोंदली जाते आणि ते यंत्र कचेरीत आणून दिवसाची वसुली सर्व्हरवर उतरवली जाते. ही उतरणी झाली, यंत्रे पुढच्या दिवसासाठी रिकामी केली आणि त्यानंतर रात्री डिस्क गेली, तर दुपारी घेतलेली प्रत निरुपयोगी ठरते. त्या दिवसाची वसुली केवळ खातेदारांच्या हातातील पावत्यांवर उरते. अशा संस्थेने पिग्मी उतरल्यावर लगेच दुसरी प्रत घेण्याची व्यवस्था केली, तर बहुधा काही हजारांत भागते. हे आकडे न ठरवता लाखाचा सर्व्हर घेणाऱ्या संस्थेला मात्र तेवढे संरक्षणही मिळत नाही.

येथे रेड आणि बॅकअप यांतील गल्लत दूर करणे आवश्यक आहे. रेड म्हणजे एकाहून अधिक डिस्कांवर माहिती अशा रीतीने मांडणे की एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावे. छोट्या कचेरीला दोन सारख्या डिस्कांवर तीच माहिती लिहिणारा पहिला प्रकार, म्हणजे रेड १, बहुधा पुरतो. पण चुकून पुसलेली फाइल रेडमधील दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते आणि खंडणीखोर विषाणू दोन्हींना सारखेच कुलूप लावतो. बॅकअप म्हणजे वेगळ्या वेळी, वेगळ्या वस्तूवर घेतलेली स्वतंत्र प्रत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत कचेरीबाहेर हा जगभर रूढ असलेला नियम येथेही लागू पडतो, आणि त्यांतील एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी एवढी पुस्ती आता जोडावी लागते. कचेरीबाहेर म्हणजे कोठे, हा प्रश्न या भागात भूगोल ठरवतो. निपाणीचा व्यापारी आपली बाहेरची प्रत सुमारे चाळीस किलोमीटरवरील कोल्हापुरात ठेवतो हे साहजिक आहे. परंतु ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत या पट्ट्यातील पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता, आणि पंचगंगेच्या पुरात पाण्याने वेढलेल्या घरात ठेवलेली डिस्क प्रत असून नसल्यासारखी असते. एक प्रत गावातच, पण दुसऱ्या इमारतीत आणि वरच्या मजल्यावर, आणि एक इंटरनेटवरून दूरच्या केंद्रात, ही विभागणी निपाणीसारख्या ठिकाणी अधिक शहाणपणाची आहे. प्रत घेणे हे अर्धेच काम झाले. ती वेगळ्या यंत्रावर उतरवून ताळेबंद जुळतो की नाही हे ज्या कचेरीने वर्षातून दोनदा पाहिलेले नाही तिच्याकडे बॅकअप आहे असे मानू नये.

विजेचा विचार दरपत्रकात यूपीएसच्या एका ओळीत उरकलेला असतो, तो येथे थोडा विस्ताराने करावा लागेल. हेस्कॉम या वीजकंपनीचा पुरवठा खंडित होणे ही एक अडचण झाली. फौंड्रीच्या आवारात त्याहून मोठी अडचण आतूनच येते. इंडक्शन भट्टी विजेच्या नियमित लहरीत उपलहरी मिसळते आणि तिचा भार चढता-उतरताना दाब हेलकावतो. त्याच वाहिनीवर कचेरी असेल तर सर्व्हरचा वीजसंच अकाली थकतो. अशा ठिकाणी वीज गेल्यावर जागा होणारा स्वस्त यूपीएस पुरत नाही. येणारी वीज आधी बॅटरीच्या एकदिश प्रवाहात आणि मग पुन्हा स्वच्छ लहरीत बदलून अखंड देणारा, म्हणजे ऑनलाइन, यूपीएस लागतो, आणि त्याला सर्व्हरशी जोडणारी यूएसबी तार लावलेली असावी लागते, जेणेकरून बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होईल. ही तार बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहते. अर्थिंगची तपासणी, न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दाबाचे मोजमाप आणि कचेरी ते शेड यांच्यामधली तांब्याची तार काढून तेथे प्रकाशतंतूची केबल टाकणे, ही कामे वळवाच्या विजा सुरू होण्याआधी करावीत. प्रकाशतंतूतून वीज वाहत नाही, आणि तांब्याच्या इथरनेट तारेची १०० मीटरची मर्यादाही त्याला नाही. फौंड्रीतील लोखंडाची बारीक धूळ वीजवाहक असते, वखारीतील तंबाखूची धूळ पंख्यांत गच्च बसते आणि बेळगावच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणा या दोन्हींना चिकटपणा देतो. सर्व्हरला वेगळी, दार बंद होणारी लहानशी खोली देणे हा खर्च वाटतो, पण तो यंत्राच्या आयुष्यात वसूल होतो. तापमान १८ ते २७ अंशांत राहिले म्हणजे झाले. त्याहून गार खोलीचा हट्ट व्यर्थ आहे.

राज्याची सीमा सर्व्हरच्या खरेदीत आणि कामात, दोन्हींत आडवी येते. निपाणीहून कागल किंवा गडहिंग्लजला गेलेला माल आंतरराज्य ठरतो, त्यावर एकात्मिक जीएसटी लागतो आणि पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल काढावे लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना व्यावसायिक ग्राहकांची बिले सरकारी पोर्टलवर नोंदवून ई-बिल म्हणून द्यावी लागतात. म्हणजे येथील छोट्या पेढीलाही माल फाटकाबाहेर काढण्यासाठी सर्व्हर आणि इंटरनेट दोन्ही चालू लागतात, आणि म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेणे ही येथे चैन नाही. खरेदीच्या बाजूने पाहता, कर्नाटकात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने कोल्हापुरात सर्व्हर घेतला आणि बिलावर एकात्मिक जीएसटीऐवजी महाराष्ट्राचा राज्य जीएसटी लागला, तर त्या कराची वजावट त्याला मिळत नाही. मागणीपत्रातच पोहोचवण्याचा पत्ता आणि कर्नाटकातील नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहिणे हा यावरील साधा उपाय आहे. वॉरंटीचे तेच : दुरुस्तीचा माणूस कोणत्या केंद्रातून, किती वेळात येणार हे लेखी घ्यावे. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवरील तणावामुळे दोन्ही राज्यांची बससेवा काही काळ विस्कळीत झाली; असे दिवस मोजके असतात, पण सर्व्हरची डिस्कही वर्षातल्या कोणत्या दिवशी जाईल हे सांगून जात नाही. एक जादा डिस्क आणि एक जादा वीजसंच आपल्याच कपाटात ठेवलेला बरा.

क्षमतेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सध्याच्या सर्व्हरवर महिनाभर मोजमाप घेतले तर बहुतेक छोट्या कचेऱ्यांत प्रोसेसर रिकामा आणि डिस्क दमलेली आढळते. फिरत्या डिस्कऐवजी सर्व्हरसाठी बनवलेल्या, वीज जाताच हातातले लेखन पुरे करण्याइतकी ऊर्जा राखणाऱ्या एसएसडी घातल्या की तक्रार मिटते. जाळ्यातला स्विच सेकंदाला १०० मेगाबिटचा असेल तर त्यामागे कितीही वेगवान यंत्र ठेवले तरी टेबलावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर काही पोहोचत नाही, म्हणून स्विच आणि तारा सर्व्हरबरोबरच बदलाव्यात. परवान्यांच्या बाबतीत एवढे सांगितले पाहिजे की विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीच्या परवान्याबरोबरच तिचा वापर करणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा संगणकामागे वेगळा परवाना लागतो, आणि दरपत्रकात तो नसेल तर विक्रेता विसरला आहे किंवा चोरीची प्रत देणार आहे. सर्वच काम भाड्याच्या दूरस्थ सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, न्यावे असा सल्ला आता सर्रास मिळतो. तो सरसकट चुकीचा नाही. करसल्लागाराच्या कचेरीला तो बहुधा मानवतो. मात्र २०० जीबी माहिती सेकंदाला २० मेगाबिटच्या जोडणीने वर चढवण्यास बावीस तासांहून अधिक लागतात आणि तितकीच माहिती तातडीने परत आणण्याची वेळ आली तर काय, याचे उत्तर घेतल्याशिवाय तो स्वीकारू नये. शिवाय कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायाच्या हिशेबाची प्रत रोज भारतातील सर्व्हरवर राहिली पाहिजे आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदला गेला पाहिजे, ही बंधने क्लाउडवर गेल्याने सुटत नाहीत.

स्थलांतराचा दिवस दिनदर्शिका पाहून निवडायचा असतो. मार्चअखेर वर्ज्य आहे हे सर्वांना कळते. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखा, म्हणजे जीएसटीच्या मासिक विवरणांच्या मुदती, यांच्याजवळचे दिवसही तितकेच वर्ज्य मानावेत. वीस तारखेनंतरचा पहिला शनिवार-रविवार हा बहुतेक व्यवसायांना सोयीचा ठरतो. परतीची वेळ आधीच लिहून ठेवावी : रविवारी ठरलेल्या तासापर्यंत चाचण्या पुऱ्या झाल्या नाहीत तर कोणाशीही चर्चा न करता जुन्या सर्व्हरवर परत यायचे. चाचणी म्हणजे केवळ संगणक उघडून पाहणे नव्हे; दोन्ही सर्व्हरवरील तेरीज पैशापर्यंत जुळणे, शेवटचा पावती क्रमांक सारखा असणे, वजनकाट्यावरून एक वजन येणे, आणि जुन्या दशकांतील काही कामगारांच्या नोंदी उघडून त्यांची नावे कागदी दप्तराशी ताडून पाहणे. जुना सर्व्हर लगेच विकू नये. जाळ्यापासून तोडून, केवळ वाचण्यापुरता, निदान एका लेखापरीक्षणापुरता तो जपावा, आणि विकताना त्याच्या डिस्का काढून घ्याव्यात.

हे विवेचन तंत्रज्ञापेक्षा मालक, चिटणीस आणि व्यवस्थापक यांच्यासाठी अधिक आहे, कारण वरील निर्णयांपैकी बहुतेक त्यांचेच आहेत आणि ते त्यांनी टाळल्यामुळेच विक्रेत्याला घ्यावे लागतात. विंडोज सर्व्हर २०१६ च्या सुरक्षा-दुरुस्त्या १२ जानेवारी २०२७ रोजी संपतात. ज्या कचेरीत ती प्रणाली चालू आहे तिने दरपत्रके मागवण्याआधी यादीच्या कामासाठी एक माणूस नेमावा आणि त्याला त्या कामापुरती रोजच्या टेबलावरून मोकळीक द्यावी.